रात्री बॅटरी उतरते, पण रोज नाही: मामांच्या गाडीचं पूर्ण प्रकरण

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, साधी मॅन्युअल, बॅटरी १२ व्होल्ट ३५ एएच (अँपिअर-अवर). मालक माझे मामा, राहणार म्हार्दोळ, गोवा, शाळेतून रिटायर झालेले. तक्रार एका ओळीची, रात्री नीट चालवून आणून लावलेली गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, पण रोज नाही, कधीकधी. आणि ज्या तक्रारीत 'कधीकधी' आहे ती सगळ्यात वाईट, कारण मेकॅनिककडे नेली की गाडी एकदम शहाण्यासारखी वागते आणि मग जो तो आपापल्या अंदाजाने एकेक पार्ट बदलत सुटतो. इथे तेच झालं होतं.

माझ्याकडे प्रकरण आलं तोपर्यंत काय काय झालं होतं ते आधी सांगतो. जूनमध्ये पाऊस लागला आणि पहिल्यांदा गाडी बंद पडली, बॅटरी चार वर्षांची होती म्हणून नवी टाकली, ठीक आहे, त्यात कोणाची चूक म्हणता येणार नाही. नवी बॅटरी दोनेक आठवडे चालली आणि एका सकाळी परत तेच, चावी फिरवली की नुसतं टक टक टक टक आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणते. मग फोंड्यातल्या एका इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं जनित्र, उघडून त्यातली डायोड प्लेट बदलली (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेला जाऊ देणारा पार्ट). परत तेच. मग कोणीतरी म्हणालं स्टिरिओ रात्री करंट खातो, तो बाहेरून बसवलेला आहे, त्याचं कनेक्शन काढलं. गाणी गेली, प्रॉब्लेम तसाच. मग बोनेटमध्ये पाणी शिरतंय असं ठरलं, सगळे कनेक्टर साफ करून ग्रीस लावलं, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा टाकून धुतली. आपल्याकडे पावसात ही पावडर येतेच, ती साफ करायलाच हवी, पण तिच्यामुळे बॅटरी रात्रीत झोपत नाही, तिच्यामुळे फार तर कॉन्टॅक्ट खराब होऊन स्टार्टरला करंट कमी मिळतो.

शेवटचा उपाय म्हणजे मामा रोज रात्री छत्री धरून दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायला लागले. सकाळी परत लावायची. मामी म्हणाली, "ह्या वयात हे पावसात बोनेट उघडून काय करतात, शेजारीपाजारी बघतात." तेव्हा मला फोन आला. मी कुंडईला एका फॅक्टरीत मेंटेनन्सला आहे, गाड्यांचं इलेक्ट्रिकल हे माझं आवडीचं काम, पोटाचं नाही.

आता हा निगेटिव्ह काढायचा उपाय कंटाळवाणा खरा, पण त्याने एक गोष्ट फुकटात सिद्ध करून दिली होती, जी तोपर्यंत कोणी बघितलीच नव्हती. निगेटिव्ह काढलेल्या रात्रीनंतर गाडी एकदाही बंद पडली नव्हती. म्हणजे बॅटरी स्वतःच्या आत उतरत नाहीये, तिचा एखादा सेल शॉर्ट असता तर वायर काढलेली असताना पण ती उतरली असती. करंट गाडीत जातोय. बॅटरी की गाडी ह्या प्रश्नाचं उत्तर एवढ्या साध्या गोष्टीत मिळतं आणि लोक त्याच्यासाठी दुसरी नवी बॅटरी विकत घेतात.

मीटर लावायच्या आधी मी हिशोब केला, आणि ह्या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडला तो हिशोबच. ३५ एएच म्हणजे ढोबळमानाने बॅटरी १ अँपिअर ३५ तास देईल, किंवा ३.५ अँपिअर १० तास. टाकी एका रात्रीत रिकामी झाली असेल तर नळ केवढा उघडा होता ते काढता येतं ना, तसंच हे. मामा साडेआठच्या सुमाराला गाडी लावतात, सकाळी साडेसहाला काढायला जातात, १० तास. बंद पडलेल्या सकाळी व्होल्टेज किती असतं हे कोणी मोजलं नव्हतं, पण माझा एक जुना मीटर मी मामांकडे ठेवून आलो आणि बोनेट न आपटता नुसत्या दोन दांड्या लावून वाचायचं एवढं त्यांना दाखवलं. निगेटिव्ह न काढता ठेवलेल्या रात्रीनंतरच्या पुढच्या बंद सकाळी त्यांनी फोनवर आकडा सांगितला, १०.४. शांत उभ्या असलेल्या बॅटरीला १२.६ ते १२.७ म्हणजे फुल, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव, आणि ११.८ च्या खाली गेली की संपलीच समजा. १०.४ म्हणजे तळ खरवडलेला. तर मग १० तासात जवळजवळ ३० ते ३५ एएच गेले, म्हणजे नळ किमान ३ अँपिअरचा.

हा आकडा हातात आला की निम्मे संशयित आपोआप सुटतात. डॅशबोर्डच्या खणातला नाहीतर डिकीतला बल्ब ५ वॉटचा असतो, म्हणजे ०.४ अँपिअर, रात्रभर चालू राहिला तरी ४ एएच खाईल, चांगली बॅटरी त्याने एका रात्रीत मरत नाही, तीन-चार रात्री लागतील. स्टिरिओची मेमरी काही मिलिअँपिअर, जीपीएस ट्रॅकर असला तर तो पण बहुतेक मिलिअँपिअरमध्येच. म्हणजे गाणी बंद करून मामांच्या वाट्याला नुसती शांतता आली होती. अल्टरनेटरचा डायोड लीक झाला तर तो मात्र अँपिअरमध्ये खाऊ शकतो, त्यामुळे इलेक्ट्रिशियनचा संशय चुकीचा नव्हता, फक्त तो तपासता येतो, अल्टरनेटरची जाडी वायर काढून गळती बंद होते का एवढं बघायचं, थेट उघडायचं नसतं.

मग ३ अँपिअर खाणारं काय असतं? पार्किंग लाइट सगळे मिळून साधारण २ अँपिअर, पण ते दिसतात. ब्रेक लाइटचे दोन २१ वॉटचे बल्ब साडेतीन अँपिअर, आणि पेडलवरच्या स्विचचा रबरी तुकडा झिजून पडला की ते खरंच रात्रभर जळत राहतात, ही नेहमीची केस आहे, पण मामांची गाडी गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या चिऱ्यांच्या भिंतीला, मागची बाजू करून लावलेली असते आणि लाल उजेड चिऱ्यांवर पडला असता तर वसरीत बसलेल्या मामीला दिसलाच असता. रेडिएटरचा पंखा दहाच्या वर खातो आणि आवाज करतो. ब्लोअर ऐकू येतो. पेट्रोल पंप पण मागच्या सीटखाली घूं करतो. मागच्या काचेची तापणारी जाळी दिसत नाही, ऐकू येत नाही, पण मामांच्या मॉडेलला ती नाहीच. तर दिसत नाही, आवाज नाही, आणि ३ ते ४ अँपिअर खातं असं बोनेटखाली एक मोठं गिऱ्हाईक उरतं, एसी कॉम्प्रेसरचा मॅग्नेटिक क्लच, म्हणजे कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारं विजेचं चुंबक. इंजिन बंद असताना त्याला करंट मिळाला तर तो चिकटून बसतो आणि चूपचाप तापत राहतो, बाकी काही होत नाही.

पण हा झाला कागदावरचा संशय, आणि दिवसा जाऊन मोजलं तर गाडी एकदम साफ निघाली. मोजायची पद्धत सांगतो कारण इथे बरेच जण मीटरचा फ्यूज उडवतात. मीटरची लाल दांडी १० अँपिअरच्या भोकात, मीटर बॅटरीची निगेटिव्ह आणि तिची काढलेली वायर ह्यांच्या मध्ये, आणि मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, स्टार्टर तर बिलकुल मारायचा नाही. दार उघडं ठेवायचं असेल तर त्याच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केल्यासारखी करायची, नाहीतर आतला दिवा जळत राहतो आणि आपण त्यालाच चोर समजतो. मग थांबायचं. गाडीतले कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, लॉक केल्यावर लगेच झोपत नाहीत, जुन्या साध्या गाड्यांत काही मिनिटं, नव्या गाड्यांत वीस-तीस मिनिटं किंवा जास्त पण, तोपर्यंत येणारा आकडा खोटा. मामांच्या गाडीचा आकडा खाली येत येत २८ मिलिअँपिअरवर थांबला. २० ते ५० हे नॉर्मल.

अल्टरनेटर पण बघितला, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर लावून १४.२, उत्तम. म्हणजे दुपारी दोन वाजता ह्या गाडीत काहीही बिघाड नव्हता. ज्याने कोणी आधी तपासली असेल त्याला पण हेच दिसलं असणार, त्यामुळे 'गाडी ओके आहे, बॅटरीच खराब' असं कोणी म्हटलं तर मी त्याला दोष देणार नाही.

इथे कामाला आलं मामीचं कॅलेंडर. गाडी बंद पडली की शेजारचा टेम्पोवाला केबल घेऊन येतो, त्याला चहा होतो, आणि मामीला दुधाचा हिशोब लिहायची सवय, तर ज्या दिवशी जास्तीचं दूध लागलं त्या तारखेला तिने खूण केलेली. मी त्या तारखा घेतल्या आणि मामांना विचारलं, आदल्या संध्याकाळी पाऊस होता का, तुम्ही कुठे गेला होतात. मामांची आठवण चांगली, आणि भजनाला जायचे दिवस ठरलेले. जवळजवळ प्रत्येक खुणेच्या आदल्या संध्याकाळी पाऊस. मामा लगेच, "बघ, मी सांगतोय ना बाबू, पाणीच शिरतंय."

पण मग उलटं विचारलं. जोरदार पाऊस पडला आणि गाडी तरी सकाळी चालू झाली असे दिवस कुठले? जुलैत सलग मुसळधार होता, मामा घराबाहेर पडले नाहीत, गाडी रात्रंदिवस फणसाखाली भिजत उभी होती आणि नंतर पहिल्या झटक्यात स्टार्ट झाली, निगेटिव्ह तेव्हा काढलेली नव्हती. पाणी शिरून शॉर्ट होत असतं तर सगळ्यात आधी त्या दिवसात व्हायला पाहिजे होतं. म्हणजे पावसात उभी राहिली तर काही होत नाही, पावसात चालवून आणली तर होतं. आणि एक खूण अशी होती की त्या संध्याकाळी पाऊस अजिबात नव्हता. त्या दिवशी काय? मामी म्हणाली, त्या दिवशी पुण्याची वन्सं आली, हे मोपाला एअरपोर्टवर आणायला गेले होते.

मामा एरवी एसी लावत नाहीत. पेट्रोल जास्त जातं आणि गुडघे दुखतात, खिडकी उघडी. पण पावसात खिडकी बंद करावी लागते आणि समोरची काच आतून धुरकट होते, फर्मागुढीच्या चढाला समोरून येणाऱ्या बसचे दिवे त्या काचेवर पसरले की काही दिसत नाही, तेव्हा मामा एसी लावतात. एसी आतल्या हवेतला ओलावा काढतो म्हणून काच साफ होते, बरोबरच करतात. आणि पुण्याहून आलेल्या बहिणीसाठी मोपापासून म्हार्दोळपर्यंत एसी होताच. पाऊस हा फक्त एसीचा साथीदार होता, आरोपी नव्हे.

आणखी एक गोष्ट टेम्पोवाल्याने आपणहून सांगितली, ती ऐकून माझी खात्री जवळजवळ झालीच. म्हणाला, केबल लावून पण तुमच्या मामाची गाडी जड फिरते, "इंजीन जड घुंवता मरे," आणि चालू झाल्यावर थरथरते, मग थोडं चालवलं की बरी होते. स्टार्टर मारतानाच कॉम्प्रेसर गुंतलेला असेल तर अगदी हेच होणार, स्टार्टरला इंजिनबरोबर कॉम्प्रेसर पण ओढावा लागतो. आणि थोडं चालवल्यावर बरी होते ह्याचा अर्थ असा की जे काही चिकटलं होतं ते खड्ड्यांनी हादरून सुटतं. म्हणून गॅरेजला पोचेपर्यंत पुरावा नष्ट. आमच्या रस्त्यांचा एवढा तरी तोटा मोजायला हवा.

तर आता गाडी नाही, संध्याकाळ परत करून बघायची होती. फॅक्टरीतून डीसी क्लॅम्प मीटर आणला. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो साधा क्लॅम्प बहुतेक एसी करंटचाच असतो, म्हणजे घरातल्या विजेचा, बॅटरीच्या वायरला लावला तर शून्य दाखवतो आणि माणूस फसतो, डीसी मोजणारा वेगळा असतो आणि त्याला मोजायच्या आधी शून्यावर आणावं लागतं. २८ मिलिअँपिअरसारख्या बारीक गळतीला तो नीट चालत नाही, पण आम्हाला ३ अँपिअर पकडायचे होते. त्याचा फायदा हा की वायर काढावी लागत नाही, गाडी जशी उभी आहे तशीच मोजली जाते.

बाणस्तारीच्या बाजूला जाऊन यायचं, एसी चालू, गाडी घराकडे आणून मामा रोज लावतात तशीच लावायची, एसीचं बटण बंद न करता सरळ चावी काढायची, आणि बोनेट हळू उघडायचं. पहिल्यांदा काही झालं नाही, क्लॅम्पवर आकडा उतरत गेला आणि शून्याजवळ थांबला. मामांचा चेहरा पडला, मला उलट बरं वाटलं कारण रोज होत नाही हे तर आधीपासून माहीत होतं, पहिल्याच फेरीला सापडलं असतं तर मीच संशय घेतला असता. नंतर एका संध्याकाळी पाऊस चालू असताना सापडलं. चावी मामांच्या खिशात, दारं लॉक, आणि क्लॅम्पवर ३.४. चहा पिऊन आलो, अर्धा तास झाला, ३.३.

आता फ्यूज एकेक उपटायची घाई करायची नाही. फ्यूज काढून परत बसवला की त्या लाइनवरचा झोपलेला कंट्रोलर जागा होतो आणि आकडे नाचायला लागतात, आणि आमच्या केसमध्ये तर पेटी हलवून चिकटलेलं सुटायची भीती. त्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात, मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांवर दांड्या टेकवायच्या. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य, जात असेल तर बारीकसं व्होल्टेज दिसतं, कारण फ्यूजला पण थोडा रेझिस्टन्स असतोच. १० अँपिअरच्या छोट्या लाल फ्यूजला तो साधारण साडेसात मिलिओहम, म्हणजे १ अँपिअरला साडेसात मिलिव्होल्ट. सगळे फ्यूज शून्य किंवा शून्याला चिकटून, आणि एसीच्या फ्यूजवर २५. साडेसाताने भागा, ३.३. क्लॅम्पशी जुळलं.

मग टॉर्च घेऊन कॉम्प्रेसरची पुढची प्लेट हाताने फिरवून बघितली, अर्थात इंजिन बंद आणि चावी खिशात असतानाच, पट्ट्याजवळ हात घालायचा तर ह्यात हयगय नको. क्लच सुटलेला असेल तर ती प्लेट पुलीपासून वेगळी सहज फिरते. ही फिरेना, आणि बोटाला गरम. बोनेटखालच्या पेटीतून एसीचा रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, उपटला, कॉम्प्रेसरमधून टक असा आवाज आला, प्लेट सुटली, क्लॅम्प शून्याजवळ. मामा छत्री धरून उभे होते, म्हणाले, "एवढंसं?"

एवढंसंच. पण रिले बदलून दिला आणि झालं असं मी केलं नाही, कारण तो का चिकटला हे कळल्याशिवाय नवा पण चिकटणार. ह्या रिलेला चार पाय आहेत, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची, म्हणजे कॉन्टॅक्ट ओढणाऱ्या चुंबकाची, ३० आणि ८७ ही कॉन्टॅक्टची. ह्या गाडीत ३० नंबरला फ्यूजमधून कायम बॅटरी येते, चावीशी संबंध नाही, चावीवर अवलंबून आहे ती फक्त कॉइल. सगळ्या गाड्यांत असं नसतं, काहींत ३० ला पण चावीनंतरची लाइन असते, तिथे रिले चिकटला तरी रात्री काही होणार नाही. इथे कॉन्टॅक्ट चिकटले की चावी काढा, लॉक करा, काहीही करा, क्लचला करंट जातच राहतो.

रिलेची टोपी काढून बघितली तर एका कॉन्टॅक्टवर टोक आलेलं आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा. डीसीत वारंवार ठिणगी पडली की धातू एकीकडून उडून दुसरीकडे बसतो, आणि ते टोक त्या खड्ड्यात अडकतं किंवा चक्क वितळून चिकटतं. ठिणगी का पडते? क्लच म्हणजे तारेचं वेटोळं, त्याचा करंट एकदम तोडला की ते उलटं मोठं व्होल्टेज मारतं. ते शांत करायला क्लचच्या कनेक्टरपाशी एक डायोड दिलेला असतो. तो वेगळा काढून मीटरच्या डायोड टेस्टवर बघितला, चांगला असता तर एका बाजूने अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या मधे दाखवला असता आणि उलट बाजूने काही नाही. हा दोन्ही बाजूंनी काही नाही. जळून तुटलेला. क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स बघितला, ३.७ ओहम, म्हणजे १२.६ भागिले ३.७ बरोबर ३.४ अँपिअर, कॉइल ठीक. म्हणजे क्रम असा, आधी डायोड गेला, मग एसी जेवढ्या वेळा कट होतो तेवढ्या वेळा रिलेत ठिणगी, आणि एका फेरीत तो कितीतरी वेळा कट होतो, मग कॉन्टॅक्ट खरबडले, मग चिकटायला लागले. रस्त्यात चिकटले तर हादऱ्याने सुटायचे आणि कोणाला कळायचं पण नाही. गाडी लावताना, चावी काढायच्या त्या क्षणाला चिकटले तर हादरवायला कोणी नाही, रात्रभर तसेच.

मामांनी विचारलं, उद्यापासून गाडी लावायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद केला तर रिले बदलायची गरज काय? शिक्षकाचा प्रश्न, आणि चांगला प्रश्न. तसं केल्याने रात्री चिकटलेला राहायची शक्यता खरंच कमी होते कारण उरलेल्या रस्त्यात तो सुटतो. पण एखाद्या दिवशी चालत्या गाडीत न सुटता राहिला तर कॉम्प्रेसर न थांबता चालतो, आत बर्फ धरतो, आणि मग खर्च रिलेच्या कितीतरी पट. पार्ट शेदोनशेचा, तो बदलायचाच.

रिले फोंड्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला, जुना सोबत नेऊन पायांची मांडणी जुळवून घेतला, कारण दिसायला सारखे पण आतून वेगळे असे पण असतात. डायोड कंपनीचा वेगळा मिळत नव्हता, पूर्ण वायरिंगचा तुकडा घ्या म्हणाले, तर मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला वन-एन-५४०८ लावला, ३ अँपिअरचा, पट्टी असलेली बाजू प्लसला. ही बाजू उलटी झाली तर एसी लावल्याबरोबर फ्यूज उडेल, त्यामुळे दोनदा बघून लावायचा. वर श्रिंक स्लीव्ह, कारण आपल्याकडची दमट हवा उघडा सोल्डर ठेवत नाही.

त्यानंतर एसी लावून फेऱ्या मारल्या, रोज रात्री क्लॅम्प, रोज शून्याजवळ. निगेटिव्ह काढणं बंद. सकाळी व्होल्टेज १२.३ ते १२.४ च्या मध्ये, हे मला पटेना, दुरुस्त झालेल्या गाडीचं सकाळी १२.६ यायला पाहिजे. पण ती बॅटरी पावसाळाभर वारंवार तळाला गेली होती आणि परत कधी पूर्ण भरलीच नव्हती. लोकांना वाटतं केबल लावून स्टार्ट केली, फोंड्याला जाऊन आलं, भरली. ३० एएच परत भरायचे म्हणजे तासन्‌तासांचं काम, आणि रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर चालू असताना अल्टरनेटरकडे बॅटरीसाठी उरतं किती? म्हणून शेवटी शेवटी ती जास्तच लवकर बंद पडायला लागली होती, गळती तेवढीच पण टाकीत पाणीच निम्मं. चार्जर आणून साडेतीन अँपिअरवर रात्रभर हवेशीर जागेत लावली, चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून बंद खोलीत नाही. दुसऱ्या दिवशी थोडी शांत होऊ दिली आणि मोजली, १२.६. स्टार्टर मारताना १०.३ पर्यंत खाली येते, चालेल, ९.६ च्या खाली गेली असती तर बदला म्हटलं असतं.

तरी तिची ताकद थोडी गेलीच आहे. लेड बॅटरी रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि सगळं परत विरघळत नाही. दुकानदार टेस्टर लावून म्हणाला अजून चालेल, गॅरंटीत बदलून देण्याएवढी खराब नाही, आणि त्याचं बरोबर आहे, त्याच्या बॅटरीने काही गुन्हा केलाच नव्हता. अल्टरनेटरचे पैसे मात्र गेले ते गेले. स्टिरिओ मी परत जोडून दिला.

ज्यांचा आकडा वेगळा येईल त्यांच्यासाठी थोडं. एका रात्रीत नाही, तीन-चार दिवस उभी राहिली की बंद पडते असं असेल तर गळती ०.३ ते ०.५ च्या आसपास असणार, मग डिकीचा दिवा, खणातला बल्ब, बाहेरून बसवलेला डॅशकॅम ही नावं आधी घ्या, फोन व्हिडिओ रेकॉर्डिंगवर लावून डिकीत ठेवून झाकण बंद केलं की दिवा विझतो का ते कळतं. आणि बोटीवर काम करणाऱ्यांच्या गाड्या, ज्या सहा-सहा महिने अंगणात कव्हर घालून उभ्या असतात, त्यांच्यात बहुतेक वेळा काहीच बिघाड नसतो. ३० मिलिअँपिअर गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे साडेएकवीस एएच, महिन्याभरात चांगली बॅटरी पण स्टार्टर ओढण्याच्या पलीकडे जाते. तिथे मामांचा दहा नंबरचा पाना हाच खरा उपाय, जाताना एकदा निगेटिव्ह काढायची आणि घरच्यांना चार्जर कसा लावायचा ते दाखवून जायचं.

मामांना एक सांगून ठेवलंय, पुढच्या पावसाळ्याच्या आधी एसीचा रिले उपटून हलवून बघायचा, आत खडखडला किंवा पाय काळे पडलेले दिसले तर दुसरा घालायचा. एक जास्तीचा घेऊन खणात ठेवलाय, पिशवीवर मामीच्या अक्षरात 'एसी' लिहून.